निवळ पाण्यातले जस्त : जळगावच्या एका प्लेटिंग कारखान्याचे प्रकरण

शेठनी टेबलावर एक लिटरची बाटली ठेवली आणि तिच्या शेजारी प्रयोगशाळेचा अहवाल. बाटलीतले पाणी इतके निवळ होते की पलीकडे भिंतीवर टांगलेल्या कॅलेंडरच्या तारखा त्यातून वाचता येत होत्या. अहवालात जस्ताच्या रकान्यात १८ मिलिग्रॅम प्रतिलिटर लिहिले होते. नाल्यात किंवा नदीत सोडायच्या पाण्यासाठी मर्यादा ५ ची आहे.

"सर, चुना आम्ही रोज टाकतो. गाळ रोज काढतो. पाणी हे असं. मग हा आकडा येतो कुठून?"

कारखाना छोटा, दहा-बारा माणसांचा. ठिबक, पाइप आणि डाळ मिलमुळे जळगावचे नाव झाले. त्या उद्योगांना लागणारे नट-बोल्ट, क्लॅम्प, अवजारांचे सुटे भाग अशाच गाळ्यांमध्ये झिंक प्लेटिंग होऊन, म्हणजे जस्ताचा मुलामा चढून, चकाकतात. इथला क्रम नेहमीचाच होता. गरम अल्कलीत तेल काढायचे, हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये गंज काढायचा म्हणजे पिकलिंग करायचे, बॅरलमध्ये म्हणजे भोकांच्या पिंपात माल भरून झिंकच्या बाथमध्ये, म्हणजे विजेने जस्त चढवायच्या द्रावणात फिरवायचा, मग पिवळे पॅसिव्हेशन म्हणजे गंज रोखणारा क्रोमियमचा पातळ थर आणि शेवटी वाळवण. प्रत्येक पायरीनंतर माल पाण्याने धुवायचा. धुतलेले सगळे पाणी एकाच गटारातून मागच्या हौदात जायचे आणि तिथे चुन्याची निवळी पडायची.

म्हणजे या एका हौदात साबणासारखी अल्कली होती, लोखंड विरघळलेले ॲसिड होते, जस्त होते आणि पॅसिव्हेशनमधून आलेले, क्रोमियमचे जास्त विषारी रूप असलेले षट्‌संयुजी क्रोमियम होते. प्रत्येकाची वागणूक वेगळी. सगळ्यांना एकाच पातेल्यात घालून तिथेच औषध पाजले जात होते. हे मला पहिल्याच दिवशी दिसले, पण त्या दिवशी मी ते बोललो नाही. अहवालात बोट ठेवले होते ते जस्तावर, म्हणून मीही आधी जस्ताच्याच मागे लागलो.

जस्त पाण्यातून काढायची पद्धत पुस्तकात सोपी आहे. चुना किंवा कॉस्टिक घालून पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचे माप, वाढवला की जस्ताचे हायड्रॉक्साइड तयार होते. ते पांढरे, फुगीर असते आणि तळाशी बसते. अडचण एवढीच की जस्त दोन्ही दरडींवरचे आहे. पीएच ८ च्या खाली राहिला तर ते पुरते खाली बसत नाही आणि ११ च्या वर गेला तर बसलेले पुन्हा विरघळते. सगळ्यात कमी विरघळते ते ९ ते ९.५ च्या दरम्यान. क्रोमियमचे हायड्रॉक्साइड त्याहून थोडे खालच्या पीएचला, ७.५ ते ८.५ च्या आसपास नीट बसते. दोन्ही धातू एकत्र असले की ८.८ ते ९ वर तडजोड करावी लागते.

मला वाटले, इथे पीएच हलतो आहे. चुना डब्याच्या मापाने पडत होता आणि पीएचचा कागद जुना, दमट होता. मी चांगला मीटर आणवला, बफरने, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणाने, जुळवला आणि सांगितले, ९ ते ९.२ वर धरा. आठवडाभर त्यांनी मनापासून धरला. पुढच्या नमुन्यात जस्त १६ आले. तो आठवडा माझ्या अर्धवट विचाराने वाया गेला, आणि तेवढे दिवस ते पाणी बाहेर जातच राहिले. त्याची खंत मला आजही आहे.

खरी खूण मला आप्पांनी दिली. आप्पा मूळचे अमळनेरकडचे. प्लेटिंगमध्ये त्यांची पंचवीस-तीस वर्षे गेलेली, आणि हौदावर चुना टाकायचे कामही त्यांच्याकडेच. मीटरचा आकडा वाचताना मी हौदावर वाकलो होतो, तेव्हा ते मागून म्हणाले, "सर, थोडं लांब ऱ्हावा. चुना टाका का डोयासले झोंबस."

चुन्याची धूळ डोळ्यांत जाते, असा माझा पहिला समज झाला. पण चुना आधीच पाण्यात कालवलेला होता, धूळ उडायचा प्रश्नच नव्हता. मी पुन्हा वाकलो, आणि तो वास नाकात गेला. गोठ्यात सकाळी येतो तसा, उग्र, डोळ्यांत पाणी आणणारा. अमोनिया.

त्यानंतर मी जे करायला हवे होते ते केले, म्हणजे केमिकलच्या खोलीत जाऊन प्रत्येक ड्रमवरचे लेबल वाचले. दोनेक वर्षांपूर्वीपर्यंत इथे सायनाइडचा झिंक बाथ होता. सायनाइडचा धोका कळल्यावर शेठनी तो बंद केला आणि ॲसिड झिंक सुरू केले. हे पाऊल चांगलेच होते. फक्त नव्या बाथमध्ये झिंक क्लोराइडच्या जोडीला अमोनियम क्लोराइड होते, लिटरला सुमारे १५० ग्रॅम. पुरवठादाराने दिलेल्या कागदावर चमक, जाडी, तापमान सगळे होते. ते पाणी पुढे हौदात गेल्यावर काय करेल, याबद्दल एक ओळही नव्हती.

इथे काय घडत होते ते नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण खानदेशातल्या, आणि बाहेरच्याही, कितीतरी छोट्या युनिटमध्ये हाच घोळ आहे. बाथचा पीएच ५.५ ते ६ असतो. त्या आंबट पाण्यात अमोनिया हा अमोनियमच्या रूपात असतो आणि जस्ताला हात लावत नाही. पीएच वाढू लागला की अमोनियमचा अमोनिया होऊ लागतो. ९.२५ च्या आसपास निम्मे-निम्मे असतात. आणि मोकळा झालेला अमोनिया जस्ताला घट्ट धरतो. जस्ताचा एक कण, त्याच्याभोवती अमोनियाचे चार. हा गठ्ठा पाण्यात खुशाल विरघळलेला राहतो, त्याला रंग नसतो. जस्त पाडण्यासाठी नेमका जो पीएच हवा, त्याच पीएचला जस्ताला धरून ठेवणारा हात तयार होतो. म्हणजे मी ९.२ चा आग्रह धरला तेव्हा त्या हाताला बळच दिले.

जस्ताऐवजी तांबे असते तर हे पहिल्याच दिवशी कळले असते. तांबे आणि अमोनिया एकत्र आले की पाणी गडद निळे होते, रस्त्यावरच्या माणसालाही दिसते. जस्त रंग दाखवत नाही. पाणी निवळले, आपले काम झाले, असा समज होतो. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवून ते निवळलेले आपण लहानपणापासून पाहतो, त्यामुळे डोळ्यांना निवळ आणि शुद्ध यांत फरक करायची सवयच नसते. तुरटी पाण्यातला गाळ खाली आणते. विरघळलेल्या मिठाला ती शिवतही नाही.

शेठना हे तोंडी सांगून पटेना. त्यांची चूक नव्हती, बाटली समोर होती. मग मी दोन साध्या परीक्षा टेबलावरच केल्या.

पहिली अमोनियाची. वाटीत हौदाचे थोडे पाणी घेतले, त्यात कॉस्टिकच्या दोन-तीन पाकळ्या टाकून किंचित गरम केले आणि वाफेवर ओल्या हळदीने रंगवलेला कागद धरला. कागद पिवळ्याचा तांबूस-लाल झाला. हळदीत चुना कालवून कुंकू करतात ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हा रंग ओळखायला रसायनशास्त्र लागत नाही. फक्त इथे अल्कली वाफेतून आली होती, आणि वाफेतून येणारी अल्कली म्हणजे अमोनिया.

दुसरी परीक्षा जस्ताची. बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात क्षारांचे विश्लेषण केलेल्या कुणालाही ती आठवेल. सोडियम सल्फाइडचे सौम्य द्रावण केले. शेठच्या त्याच बाटलीतले निवळ पाणी परीक्षानळीत घेतले, पीएच ९ असल्याची खात्री केली आणि सल्फाइडचे चार थेंब सोडले. पहिला थेंब पडला तिथून पांढरी धुरकट रेघ खाली उतरली, मग ती पसरली, आणि अर्ध्या मिनिटात नळीतले पाणी ताकासारखे झाले. लोखंड, तांबे, निकेल यांची सल्फाइडे काळी असतात, कॅडमियमचे पिवळे. पांढरे फक्त जस्ताचे.

आप्पा नळी उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिले. "पानी ते निवय दिखस. मंग इतलं कथं दपेल व्हतं?" म्हणजे, पाणी तर निवळ दिसते, मग एवढे कुठे दडले होते? शेठ काही बोलले नाहीत. त्यांनी बाटली उचलून खिडकीत ठेवली आणि म्हणाले, "आता पुढचं सांगा."

या परीक्षेतच औषधही होते. जस्ताचे सल्फाइड पाण्यात इतके कमी विरघळते की अमोनियाची पकड त्याला रोखू शकत नाही. म्हणून आम्ही बरण्या मांडून जार टेस्ट केली. एक-एक लिटरच्या पाच बरण्या, सगळ्यांत हौदाचे तेच पाणी. पहिलीत चुन्याने पीएच ९, दुसरीत १०, तिसरीत ११. चौथीत पीएच ९ आणि हिशोबाइतके सल्फाइड. पाचवीत सल्फाइडच्या जागी डायथायोकार्बामेट. हे गंधक असलेले सेंद्रिय रसायन धातूंना सल्फाइडसारखेच घट्ट पकडते. दहा मिनिटे ढवळले, गाळाचे पुंजके बांधणाऱ्या पॉलिइलेक्ट्रोलाइटचे चिमूटभर द्रावण घातले, हळू फिरवले आणि अर्धा तास ठेवून दिले.

पहिल्या तीन बरण्या दिसायला सुंदर होत्या. गाळ तळाशी, वर काचेसारखे पाणी. चौथीत गाळ बारीक होता आणि बसायला वेळ लागला. सल्फाइडचा गाळ नेहमीच असा चिवट, पिठूळ असतो. हिराकसचा, म्हणजे फेरस सल्फेटचा, एक छोटा डोस घातला तेव्हा त्याचे पुंजके जमले, उरलेले सल्फाइड काळ्या लोहसल्फाइडच्या रूपात बसले आणि वरचे पाणी मोकळे झाले. प्रयोगशाळेतून आकडे आले तेव्हा पहिल्या तीन बरण्यांत जस्त मर्यादेच्या वरच होते. चौथी आणि पाचवी मर्यादेच्या खूप खाली.

डायथायोकार्बामेट महाग पडते आणि जास्त झाले तर माशांना ते स्वतःच विष आहे. म्हणून मी सल्फाइडकडे झुकलो. पण सल्फाइडबद्दल एक गोष्ट मी तेव्हा भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहवून घेतली, आणि इथेही ती तशीच लिहितो. आम्लयुक्त पाण्यात सल्फाइड टाकले की हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. सुरुवातीला त्याचा सडक्या अंड्यांसारखा वास येतो. वायू वाढला की नाकाची वास घ्यायची शक्तीच जाते, आणि माणूस धोका टळला असे समजून तिथेच कोसळतो. ज्या कारखान्यात पिकलिंगचे ॲसिड दहा पावलांवर आहे, तिथे सल्फाइडचा ड्रम वेगळ्या खोलीत, कुलपात राहिला पाहिजे आणि पीएच मीटर ८.५ च्या वर दाखवल्याशिवाय झाकण उघडता कामा नये. हौद खोल असेल तर खाली उतरणे बंदच. यात मी कुणाचेही ऐकून घेणार नाही.

तरीही सल्फाइड हा कायमचा उपाय नव्हता. जस्त खाली बसले, पण अमोनिया कुठे गेला? कुठेच नाही, तो पाण्यातच राहिला. अमोनियाच्या रूपातल्या नायट्रोजनलाही मर्यादा आहे, ५० मिलिग्रॅम प्रतिलिटर. हिशोब करू. अमोनियम क्लोराइडच्या वजनात नायट्रोजन सुमारे २६ टक्के असतो. लिटरला १५० ग्रॅम म्हणजे ३९ ग्रॅम नायट्रोजन. त्या बाथचे एक लिटर मालासोबत बाहेर आले की ते ५० च्या मर्यादेत बसवायला सुमारे पावणेआठशे लिटर पाणी लागेल. आणि पाणी ओतून आकडा खाली आणणे म्हणजे शुद्धीकरण नव्हे, हे मी शेठना स्पष्ट सांगितले. जमिनीत जाणारा अमोनिया तेवढाच राहतो, वर आपले बोअरचे पाणी वाया.

अमोनिया हवेत उडवूनही काढता येतो. पीएच ११ च्या पुढे नेऊन हवा फुंकायची. आपल्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात ते काम लवकर होईल. पण पाण्यातला अमोनिया आप्पांच्या डोळ्यांत घालायचा, असा त्याचा अर्थ. मी ते सुचवले नाही.

उरला मार्ग बाथ बदलायचा. अमोनियम क्लोराइडच्या जागी पोटॅशियम क्लोराइड आणि त्याला बोरिक ॲसिडची जोड. हे बाथ याच त्रासातून सुटका व्हावी म्हणून प्लेटिंगच्या धंद्यात आले. शेठची पहिली शंका रास्त होती, भरलेला बाथ फेकायचा का? फेकायचा नाही. मालासोबत रोज थोडे थोडे द्रावण बाहेर जातेच. भर घालताना अमोनियमऐवजी पोटॅशियमची घालत गेले की काही महिन्यांत अमोनियम आपोआप क्षीण होते. ब्राइटनर, म्हणजे चमक आणणारे रसायन, मात्र दोन्हींना चालणारा हवा, ते पुरवठादाराकडून लेखी घ्यावे लागते. तेवढे महिने सल्फाइडने काम भागवायचे. पुढे त्याची गरज संपते.

दुसरी शंका त्यांच्या अनुभवाची होती आणि जास्त मोलाची. "मे महिन्यात बाथ तापतो, तेव्हा काय?" हे खरेच आहे. ठराविक तापमानाच्या वर गेले की ब्राइटनरचे सेंद्रिय घटक द्रावणातून फुटतात, वर तेलकट तवंग येतो आणि मालावर डाग पडतात. खानदेशात वरून ऊन आणि आतून विजेच्या प्रवाहाची उष्णता. म्हणून जास्त तापमान सोसणारा ब्राइटनर निवडला आणि बाथमध्ये थंड पाण्याची नळी फिरवली. हिवाळ्यात उलटा त्रास झाला. जानेवारीतल्या एका कडाक्याच्या सकाळी ॲनोडच्या, म्हणजे बाथमध्ये टांगलेल्या जस्ताच्या, पिशव्यांवर पांढऱ्या खपल्या दिसल्या. बोरिक ॲसिड थंडीत विरघळेनासे झाले होते. बाथ थोडा गरम केल्यावर ते पुन्हा विरघळले.

आता क्रोमियम. माझ्या मते या प्रकरणात जास्त गंभीर बाब हीच होती, जरी अहवालात आकडा जस्ताचा चमकत होता. षट्‌संयुजी क्रोमियमसाठी सोडायच्या पाण्यातली मर्यादा ०.१ मिलिग्रॅम आहे, जस्ताच्या पन्नासाव्या हिश्श्याइतकी. ते कर्करोगकारक म्हणून सिद्ध झालेले आहे, आणि चुन्याने ते खाली बसतच नाही. आधी त्याचे त्रिसंयुजी क्रोमियम करावे लागते, मग ते हिरव्या हायड्रॉक्साइडच्या रूपात पडते.

एकदा चहा घेताना आप्पांचा हात माझ्या बाजूला होता. बोटांच्या पेरांवर आणि नखांच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढे गोल खड्डे होते, भरून आलेले, कडा पांढुरक्या. क्रोमिक ॲसिड जुन्या खरचटीतून आत शिरते आणि असे व्रण करते. दुखत नाहीत, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. हेच ॲसिड नाकात गेले की नाकाचा पडदा फाटतो. मी विचारले तर म्हणाले, "ते व्हस सर, सगळ्यासले व्हस." त्यानंतर कोपरापर्यंतचे हातमोजे आणि पॅसिव्हेशनच्या हौदावरचा पंखा या दोन गोष्टी माझ्या यादीत सगळ्यात वर आल्या, पाण्याच्याही वर.

क्रोमियमचे रूप बदलायचे नेहमीचे औषध सोडियम मेटाबायसल्फाइट, कारखान्यांच्या बोलीत 'मेटा'. एक किलो क्रोमियमला हिशोबाने पावणेतीन किलो लागतो, प्रत्यक्षात थोडा जास्त. पण तो काम करतो २ ते ३ पीएचला. ४ च्या वर गेला की अभिक्रिया रेंगाळते. इथे अल्कलीचे पाणी आणि क्रोमचे पाणी एकाच गटारात मिसळत होते, त्यामुळे टाकलेला मेटा पुरेसा कामाला येतच नव्हता. रोज गोणी रिकामी होत होती आणि हौदाच्या कडेला पिवळी झाक तशीच.

म्हणून क्रोमसाठी वेगळा पाइप आणि पाचशे लिटरची वेगळी टाकी केली. फार मोठा खर्च नाही, प्लास्टिकचा पाइप जळगावात काय कमी आहे! आणि ही टाकी बसवताना एक गोष्ट सुचली तिचा मला खरोखर आनंद झाला. पिकलिंगचे वापरून संपलेले ॲसिड हे युनिटची डोकेदुखी होते. त्यात लोखंड विरघळून साचते, लिटरला ५० ते १०० ग्रॅमपर्यंत, आणि ते बहुतेक सगळे फेरस रूपात. शिवाय ॲसिड शिल्लक असतेच. क्रोमियमला काय हवे? आंबट पाणी आणि त्याला रूप बदलायला लावणारे काही तरी. फेरस लोखंड नेमके तेच करते. एक भाग क्रोमियमला वजनाने सव्वातीन भागांच्या आसपास फेरस लोखंड लागते. हेच बाजारातल्या हिराकसने करायचे तर एक किलो क्रोमियमला सुमारे सोळा किलो हिराकस विकत घ्यावा लागेल. इथे ते घरातच होते, आणि त्याची विल्हेवाट लावायला पैसे मोजले जात होते.

बरणीत करून पाहिले. केशरी-पिवळे धुण्याचे पाणी, त्यात वापरलेल्या ॲसिडची धार. रंग पिवळ्याचा हिरवट-तपकिरी झाला, बघता बघता. डायफिनाइल कार्बाझाइडचे दोन थेंब टाकले. षट्‌संयुजी क्रोमियम उरले असते तर पाणी जांभळे झाले असते. झाले नाही. मग चुन्याने पीएच ९ ला आणला तेव्हा लोखंड आणि क्रोमियम एकत्र खाली बसले, आणि लोखंडाच्या जड पुंजक्यांनी बारीक गाळही सोबत ओढून नेला.

दोन मर्यादा सांगायला हव्यात. लोखंडामुळे गाळ वाढतो, मेटापेक्षा बराच. आणि ही धार फक्त धुण्याच्या पातळ पाण्यासाठी आहे. पॅसिव्हेशनच्या घट्ट द्रावणात ॲसिड ओतायचे नाही. शिवाय वापरलेले ॲसिड हे धोकादायक कचऱ्यात मोडते, ते स्वतःच्या युनिटमध्ये वापरायचे तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात तशी नोंद करून घ्यावी लागते. शेठनी ती प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत मेटावरच काम चालवले.

धुण्याच्या पाण्याबद्दल थोडक्यात. बॅरलमधून बाथचे द्रावण खूप बाहेर येते. पूर्वी बॅरल उचलली की लगेच पुढच्या हौदात जायची. आता ती बाथवर अर्धा मिनिट फिरत लटकते आणि ओघळलेले द्रावण घरी परतते. एका वाहत्या हौदाच्या जागी दोन हौद केले, पाणी मालाच्या उलट दिशेने वाहते. मालासोबत आलेले एक लिटर द्रावण हजारपट सौम्य करायला एका हौदात हजार लिटर पाणी लागते, अशा दोन हौदांत सुमारे ३२ लिटरमध्ये तेवढेच काम होते. हौदात जाणारे पाणीच इतके घटले की नंतरचे सगळे डोस हातात आले. खरे तर हे काम मी सगळ्यात आधी करायला हवे होते.

मध्येच शेठनी विचारलेला एक प्रश्न मला फार आवडला. त्यांच्या घरची केळी आहे, रावेरकडे. "सर, केळीला तर आम्ही झिंक सल्फेट पैसे देऊन टाकतो. मग नाल्यात थोडं गेलं तर काय बिघडलं?" शेतात आपण वर्षातून एकदा, माती बघून, ठरलेल्या मापाने टाकतो. नाल्यात ते रोज जाते, एकाच जागी साठत जाते. पिण्याच्या पाण्यात माणसाला जेवढे जस्त चालते, त्याहून कितीतरी कमी जस्त माशांच्या कल्ल्यांना सोसत नाही, आणि सोबत अमोनिया असला तर आणखीच नाही. ते ऐकून म्हणाले, "म्हणजे औषधच, पण चुकीच्या माणसाला."

गाळाचे काय, हे प्रत्येक जण शेवटी विचारतो, खरे तर आधी विचारायला हवे. धातू नष्ट होत नाही. पाण्यातून निघाला तो गाळात गेला. फिल्टर प्रेसमध्ये दाबून त्याच्या वड्या निघतात, बाहेरून तांबूस, मोडल्या की आत हिरवट-काळ्या. २०१६ च्या धोकादायक कचऱ्याच्या नियमांत हा गाळ स्पष्टपणे मोडतो. तो नोंद करून, पावतीसह अधिकृत केंद्रात गेला पाहिजे. राज्यात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे अशी केंद्रे आहेत. पूर्वी इथला गाळ कंपाउंडच्या मागे पडून राहायचा. पहिल्या पावसात त्यातले काय काय धुऊन गेले असेल, याचा विचार करवत नाही. आता तो छपराखाली, प्लास्टिकच्या पिशव्यांत असतो.

बाथचे अमोनियम पुरते उतरायला सात महिने लागले. त्यानंतर सल्फाइडचा उरलेला ड्रम परत केला. पीएच ९ वर धरून नुसत्या चुन्याने जस्त मर्यादेच्या खाली राहू लागले. षट्‌संयुजी क्रोमियमची थेंब-परीक्षा रोज सकाळी आप्पाच करतात. त्यांनी त्यासाठी एक छोटी वही केली आहे, तारीख आणि "रंग नाही" एवढेच लिहितात.

सुटलेले नाही ते पोटॅशियम क्लोराइड आणि बोरिक ॲसिडमधले बोरॉन. चुना, सल्फाइड, लोखंड, कशानेच क्लोराइड खाली बसत नाही, आणि बोरॉनही व्यवहारात तसेच पाण्यात राहते. विरघळलेल्या क्षारांना २१०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि आमचे पाणी कधी त्याच्या आत असते, कधी काठावर. म्हणून बाथनंतरच्या पहिल्या, सगळ्यात खारट हौदाचे पाणी आम्ही बाहेर सोडतच नाही. उन्हाने आणि विजेच्या उष्णतेने बाथमधले पाणी रोज उडते, त्या जागी हेच पाणी भर म्हणून परत घालतो. मे महिन्यात ते सगळे सामावते. पावसाळ्यात बाथ कमी उडतो, तेव्हा हौद भरून येतो. यंदाच्या जूनआधी शेठ गच्चीवर उथळ बाष्पीभवनाचे हौद बांधणार आहेत. मापे मी गेल्या रविवारी काढून दिली.